वाळवी खाणार नाही अशी फळी

वाळवीला कुणी नावं ठेवू नयेत. ती बिचारी आपलं काम मन लावून करत होती. काम अर्धवट टाकून बसले होते ते सांबशिवराव.

झालं असं की, दिवाळीच्या तोंडावर सांबशिवरावांच्या मनात आलं, दिवाणखान्यातल्या झोपाळ्याची फळी घासून-पुसून पॉलिश करावी. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते तोवर मनात काही यायला त्यांना सवडच नव्हती. निवृत्त झाल्यापासून मात्र दर सोमवारी काहीतरी येई, आणि मंगळवारी घरातली एखादी वस्तू निकामी होई. फळी त्यांनी साखळ्यांवरून उतरवली, परसात न्हाणीच्या भिंतीला टेकवली आणि सँडपेपर आणायला बाहेर पडले. वाटेत कुणीतरी भेटलं, कॉफी झाली, सँडपेपर राहिला. मग पाऊस लागला. तंजावरला पाऊस दिवाळीला येतो आणि जावयासारखा राहतो. तो हलला तेव्हा सांबशिवराव फळी उचलायला गेले, तर हातात आला नुसता वरचा पापुद्रा. आतून अवघी माती झालेली.

बरं, फळी तरी साधी असावी! ती होती विनुताबाईंच्या माहेरची. विनुताबाई म्हणजे सांबशिवरावांच्या पत्नी. तिरुवैयारूहून लग्नात बैलगाडीने आलेली अस्सल सागवानी फळी. दुपारी जेवणं उरकली की विनुताबाई तिच्यावर बसत, एका पायाने जमिनीला हलकासा रेटा देत, आणि तासभर कुणाचं काही ऐकत नसत. एवढ्या घरात तेवढी एक जागा त्यांची स्वतःची होती.

आता घर डोक्यावर घेतलं जाणार, अशी सांबशिवरावांनी मनाची तयारी केली होती. घेतलं असतं तर फार बरं झालं असतं. विनुताबाईंनी तो भुगा बोटांनी उचलून पाहिला, "माझ्या अप्पांनी दिलेली होती," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून दुपारी स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दिवाणखान्याकडे पाठ करून बसू लागल्या. इकडे तुळईवरून चार साखळ्या नुसत्या लोंबत होत्या. वारा आला की किणकिणत, आणि सांबशिवरावांना वाटे, आपल्याच नावाने काहीतरी बोलताहेत.

त्यातून चैत्रात सांबशिवरावांची साठी. आता साठी म्हटलं की आम्हा तंजावरच्या मराठी माणसांत नवरा-बायकोचं पुन्हा एकदा लग्न लावतात. आणि लग्न लागलं की दोघांनी ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर, शेजारीशेजारी बसायचं. बायकांनी गाणी म्हणत झोका द्यायचा, दूध-केळं भरवायचं. ही चाल आम्ही तमिळांकडून कधी उचलली ते कुणाला आठवत नाही, पण आता तिच्यावाचून कार्य झालं असं कुणी मानत नाही. सांबशिवरावांनी एकदा भीत भीत विषय काढला.

"ऊंजलला बसायचं ना आपण?"

"कशावर?" विनुताबाईंनी विचारलं आणि कढईत मोहरी टाकली.

झालं! अख्खा गाव जमणार, आणि साठीच्या दिवशी आपली बायको आपल्या शेजारी बसणार की नाही, याचाच पत्ता नाही. सांबशिवरावांची झोप उडाली.

बंगळूरहून मुलगी हरिणी फोनवर म्हणाली, "अप्पा, टीकची फळी घ्या ना दुसरी. सिंपल." तिला सिंपल. नवं सागवान आणणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि चूक कबूल करायचीच होती तर माणसाने नोकरीत इतकी वर्षं हेडक्लार्की कशाला केली? शिवाय सागवानाला वाळवी लागत नाही म्हणतात, तेही पाहून झालं होतं.

अशा अवस्थेत ते एका संध्याकाळी तळ्याकाठच्या बागेत जाऊन बसले. ज्या बाकावर बसले त्याच्या पाठीवर पाटी होती: टाकाऊ प्लॅस्टिक आणि भाताचं तूस यांपासून बनवलेला बाक, कुजत नाही, वाळवी लागत नाही. सांबशिवरावांनी पाटी वाचली, उठून उभे राहिले आणि बाकाला चक्क नमस्कार केला. शेजारी चणे खात बसलेली बाई उठून दुसरीकडे गेली.

ते बाक करणारा वेंकटेश गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत सापडला. त्याच्या शेडमध्ये एक लांबलचक यंत्र होतं. एका तोंडाने दुधाच्या पिशव्या, शांपूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि तूस खाई, पोटात तापवून मळी, आणि दुसऱ्या तोंडाने सरळसोट फळी बाहेर टाकी. सांबशिवराव बघतच राहिले.

"झोपाळ्याला नको सार," वेंकटेश म्हणाला. "कुंपणाला घ्या, बाकाला घ्या. बाकाला खाली पाय असतात. ही अधांतरी टांगली आणि वर वजन राहिलं की हळूहळू वाकते. पाहिजेच तर खालून लोखंडी अँगल मारून देतो."

"लोखंड मारलं की फळी लोखंडाची झाली," सांबशिवराव म्हणाले. "मग प्लॅस्टिकने काय केलं?"

वेंकटेश यंत्रात पिशव्या टाकायला वळला. आपण वाद जिंकला असं समजून सांबशिवराव खूश झाले. माणूस वाद जिंकतो ना, तिथेच बहुतेक वेळा त्याचं घोडं पेंड खातं. "माझ्याकडचा माल पंचायतीच्या बाकांना लागलाय," वेंकटेश म्हणाला. "प्लॅस्टिक आणि तूस तुम्ही आणा. फळी काढून देतो."

शेजारच्या शेषगिरींनी ही कल्पना उचलून धरली. शेषगिरी वीज खात्यातून निवृत्त झालेले. सल्ला देताना त्यांना पुढचं-मागचं काही दिसत नसे. "अहो, आपल्याच गल्लीच्या कचऱ्याची फळी! इतिहास होईल! मी सांगतो अवघ्यांना."

त्यांनी सांगितलं. लोकांना दान करायला मुळात आवडतंच; त्यातून नको असलेल्या वस्तूचं दान करायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. चार दिवसांत सांबशिवरावांच्या ओसरीवर गोण्यांची रांग लागली. पिशव्या, डबे, तुटक्या चपला, बाहुलीचा एक हात. एकाने जुन्या कमोडचं झाकण आणून दिलं आणि वर आशीर्वाद मागितला. शेषगिरी म्हणाले, सगळं धुऊन घ्या. म्हणून सांबशिवरावांनी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. येणारे-जाणारे थांबून बघत. एक जण तर आत येऊन दुधाचा भाव विचारून गेला.

"आधी फळी गेली," विनुताबाई आपल्या खुर्चीवरून भिंतीला म्हणाल्या. "आता घर चाललंय."

आणि मग स्कूटरवरून आले महानगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर प्रवीणकुमार. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. गोण्यांकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"सार, हा कचरा कुणाचा?"

"गल्लीचा."

"म्हणजे तुमचा नाही. घरात आहे तोवर कचरा ज्याचा त्याचा. दाराबाहेर आला की महानगरपालिकेचा. हा लोकांच्या दाराबाहेर आला, म्हणजे आमचा झाला. आणि आमचा कचरा तुम्ही तुमच्या घरात घेतलात."

"म्हणजे मी कचरा चोरला?"

"छे छे सार! अशी तक्रार अजून तरी कुणी केलेली नाही." प्रवीणकुमारांनी 'अजून' या शब्दावर किंचित जोर दिला. "फक्त परवानगी पाहिजे."

जन्मभर लोकांना 'एक प्रत अजून आणा' म्हणणाऱ्या माणसाने परवानगीला भ्यावं? सांबशिवरावांनी असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याने उभं राहून वाचावा. विभागीय कचेरी म्हणाली, हे प्रदूषणवाल्यांकडे. प्रदूषणवाले म्हणाले, तुम्ही जाळणार आहात का? नाही? मग प्रदूषण कुठे झालं? झालं की या. पुन्हा विभागीय कचेरी. तिथल्या बाईंनी विचारलं, "वितळवून करणार काय?" "झोपाळा," सांबशिवराव म्हणाले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "घरगुती वापर, उद्योग, की धार्मिक कार्य?" सांबशिवरावांनी विचार केला आणि खरं ते सांगितलं, "तिन्ही." त्यासाठी रकाना नव्हता.

शेवटी मार्ग काढला प्रवीणकुमारांनीच. त्यांच्या वॉर्डाचं सुक्या कचऱ्याचं वजन त्या महिन्यात कमी भरत होतं. सांबशिवरावांच्या गोण्या वॉर्डाच्या नावावर वजन करायच्या, मग त्या सरकारीरीत्या वेंकटेशच्या शेडवर पाठवायच्या, आणि फळी झाली की झोपाळ्यावर बसलेल्या दांपत्याचा फोटो प्रवीणकुमारांनी काढायचा. "दांपत्याचा?" सांबशिवरावांनी विचारलं. "हो सार. दोघं बसलेली पाहिजेत. एकट्या माणसाचा फोटो चांगला दिसत नाही." म्हणजे आता विनुताबाईंनी बसणं ही सरकारी अटही झाली!

राहिलं तूस. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या गिरणीतून ते फुकट मिळालं. वेंकटेशने बजावलं होतं, तूस कडकडीत वाळलेलं पाहिजे. सांबशिवरावांनी ते गच्चीवर जुन्या लुगड्यांवर पसरलं. त्याच मुहूर्तावर शेजारच्या गच्चीवर शेषगिरींच्या पत्नी सरोजामामी वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, घालून खाली उतरल्या होत्या. आणि त्याच मुहूर्तावर वारा सुटला. मामी वर येऊन पाहतात तो वडामांना दाढ्या फुटलेल्या!

"अय्यो सांबशिवमामा!" कठड्यावरून हाक आली. "ही कोंड्याची पुटं तळून खायची कां आम्ही?"

सांबशिवरावांनी सबंध दुपार कठड्यावरून पलीकडे उतरून, पापणीचे केस काढतात तसं एकेका वडामावरून तूस वेचलं. एका निवृत्त हेडक्लार्काने! आणि या गडबडीत आपलं तूस खालीवर करायचं राहिलं ते राहिलंच. त्यामुळे पहिली फळी यंत्रातून फुसफुसत बाहेर आली आणि रवा डोशासारखी जाळीदार झाली. ओल होती ना तुसात, तिची वाफ झाली. वेंकटेशने ती फळी दाराशी पायपुसण्याच्या जागी टाकली, हे सांबशिवरावांच्या मनाला लागलं.

दुसऱ्या वेळी तूस त्यांनी स्वतः रखरखीत उन्हात राखण बसून वाळवलं. आणि काय सांगावं, फळी अशी सुरेख आली! काळपट तपकिरी, गुळगुळीत, मधूनच कुठल्याशा शांपूच्या बाटलीचा निळा ठिपका. टेंपोतून वाजतगाजत घरी आली, साखळ्यांवर चढली. विनुताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. फळीवरून तळवा फिरवला. "गुळगुळीत आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. बसल्या नाहीत, पण इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द होता. सांबशिवराव तो दिवसभर घोळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी दिवाणखाना तापला, फळी तापली, आणि घरात वास सुटला. आधी मंद, मग चांगलाच. लवंग, दालचिनी, तळलेला कांदा, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याचं नाव त्या घरात काढत नसत. थोडक्यात, कोपऱ्यावरच्या मिलिटरी हॉटेलातला. आता मिलिटरी हॉटेलात शिपाई जात नाहीत, मांसाहारी माणसं जातात, हे तंजावरातलं शेंबडं पोरही जाणतं.

"बिर्याणी!" विनुताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

गोण्यांमध्ये पार्सलच्या पिशव्या आल्या कुणाच्या घरून? शोध घेता घेता माग शेषगिरींच्या गोणीपाशी येऊन थांबला. शेषगिरींनी ताबडतोब आपल्या माडीवरच्या भाडेकरूंकडे बोट दाखवलं. भाडेकरू महिनाभर गावातच नव्हते, हे सांबशिवरावांना पक्कं ठाऊक होतं. पण शेजारी सरोजामामी उभ्या होत्या. ऐन कार्याच्या तोंडावर शेजाऱ्याचं घर कशाला पेटवायचं? त्यांनी विषय बदलला. मात्र त्यानंतर शेषगिरींनी सल्ले देणं बरंच कमी केलं, हा एक फायदाच झाला.

वासावर उपाय सुचवायला अख्खी गल्ली पुढे आली. लिंबू चोळा. विभूती चोळा. कॉफीचा डिकॉक्शन चोळा, कॉफी सगळे वास मारते. सांबशिवरावांनी चोळला. मग फळीला असा वास येऊ लागला की, कुणीतरी पोटभर बिर्याणी खाऊन वर कॉफी प्यायलंय.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मग काय हवं होतं! भार सोसते का हे बघायला सांबशिवरावांनी फळीवर पोन्नी तांदळाची दोन पोती ठेवली होती. सकाळी पाहतात तो फळीला मधोमध बाक. पोती काढली तरी बाक कायम. ते घाईने वेंकटेशकडे धावले.

"तुटेल कां रे?"

"तुटणार नाही सार. तुटणं तिला ठाऊकच नाही. वाकणं ठाऊक आहे. अँगल..."

"अँगल नको," सांबशिवराव म्हणाले.

"मग रोज उलटी करा. एका दिवशी इकडे वाकेल, दुसऱ्या दिवशी तिकडे. सरळ राहील."

तेव्हापासून सकाळची कॉफी झाली की फळी उलटायचा कार्यक्रम सुरू झाला. एकट्याने होण्यासारखं ते काम नव्हतं. पहिल्या दिवशी सांबशिवराव एक टोक उचलून, दुसऱ्या टोकाकडे केविलवाणं बघत उभे राहिले. विनुताबाईंनी गॅस बारीक केला, बाहेर आल्या आणि दुसरं टोक धरलं. "धरा." "हं." "फिरवा." "सावकाश." "सोडा." एवढंच बोलणं. पण रोज व्हायचं. पुढे पुढे तर कॉफी ओततानाच त्या विचारत, "आज कुठली बाजू?" सांबशिवरावांना मनातून वाटू लागलं, ही फळी कधीच सरळ होऊ नये.

बसायच्या मात्र त्या स्वयंपाकघरातच.

कार्य चार दिवसांवर आलं आणि तिरुवैयारूहून विनुताबाईंच्या थोरल्या बहीण शेषम्मा आल्या. शेषम्मांचं नाक म्हणजे नाक! उंबरठ्यावर पाय ठेवताक्षणी त्या थांबल्या.

"विनु, घरात काय शिजलंय?"

खोटं बोलायची कुणाची टाप? सगळं सांगावं लागलं. शेषम्मांनी कपाळाला हात लावला नाही, काही नाही. पदर खोचला. पुण्याहवाचनाचं पाणी आणवलं, फळी धुतली, हळद लावली, वर चंदनाचा लेप दिला, तांदळाच्या कालवलेल्या पिठाने अशी देखणी रांगोळी काढली की बघत राहावं, आणि चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं. वासही बराचसा दबला. सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर सांबशिवराव सवयीने फळीचं टोक धरायला गेले.

"खबरदार!" शेषम्मा गरजल्या. "पूजा झालेली फळी उलटायची? हळदकुंकू जमिनीकडे करायचं?"

"अहो पण शेषम्माक्का, रोज उलटली नाही तर ती वाकते. शास्त्र आहे त्यामागे."

"माझ्यामागेही शास्त्र आहे. वाध्यारांना विचारा."

वाध्यार, म्हणजे कार्य सांगणारे भटजी, फोनवर आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "वितळून निघाली म्हणता? म्हणजे अग्नीतून गेली. मग ती शुद्धच होती; पूजेची काही गरज नव्हती."

"बघा!" सांबशिवराव म्हणाले.

"पण आता केलीये ना? मग उलटू नका," असं म्हणून वाध्यारांनी फोन ठेवला.

मग निदान खालून अँगल मारू, असं म्हणत सांबशिवराव प्रथमच लोखंडाला शरण गेले. पण वेळ निघून गेली होती. "पूजेच्या फळीला भोकं पाडणार?" शेषम्मांनी विचारलं आणि विषय संपवला. आणि पवित्र झालेली जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून त्यांनी तिच्यावर फराळाचे डबे रचले. मुरुक्कूचे, म्हणजे चकल्यांचे, लाडूंचे, वर नारळांचं पोतं. मुंग्या लागत नाहीत अधांतरी, म्हणाल्या. बाहेर चैत्राचं ऊन भाजत होतं. सांबशिवराव दर तासाला येऊन खाली वाकून बघत आणि सुस्कारा सोडून जात.

कार्याच्या दिवशी पहाटे डबे उतरवले. दिसायला फार काही वाटत नव्हतं. रांगोळीने झाकलं होतं. सांबशिवरावांनी हळूच पूजेच्या तबकातलं एक लिंबू उचललं आणि फळीच्या कडेला ठेवलं. लिंबू क्षणभर विचारात पडलं, मग घरंगळत मध्यावर येऊन थांबलं. त्यांनी ते उचलून दुसऱ्या कडेला ठेवलं. तिकडूनही मध्यावर आलं.

"काय करताय?" मागून विनुताबाईंचा आवाज.

"काही नाही. लिंबू," सांबशिवराव म्हणाले.

विनुताबाईंनी लिंबाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि साडी नेसायला गेल्या.

कार्य थाटात झालं. कलशाचं पाणी डोक्यावर पडलं, होम झाला, सांबशिवरावांनी पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधलं. नादस्वर घुमला. आणि मग शेषम्मांनी पुकारा केला, "चला, ऊंजल!"

दिवाणखाना माणसांनी खचाखच भरलेला. कोपऱ्यात प्रवीणकुमार मोबाइल सरसावून उभे. दाराशी वेंकटेश, त्याचे डोळे फळीच्या मध्यावर खिळलेले. उकाड्याने फळी पुन्हा तापली होती आणि चंदनाच्या आडून लवंग-दालचिनी डोकावू लागली होती. "भूक लागली बुवा," शेषगिरी नकळत बोलून गेले, आणि सरोजामामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खांबामागे गेले.

सांबशिवराव डाव्या टोकाला बसले. साखळी दोन्ही हातांनी गच्च धरली. फळी जराशी कण्हली.

विनुताबाई उभ्याच होत्या.

हिरवं पट्टू, म्हणजे रेशमी लुगडं, नेसलेल्या, केसांत मोगरा माळलेल्या, हातात नारळ. सगळे बघताहेत, वाजंत्री थांबलेली, आणि विनुताबाई उभ्या. सांबशिवरावांच्या कानात एकच शब्द घुमत होता: 'कशावर?' प्रवीणकुमारांचा फोटो गेला चुलीत, इतिहास गेला चुलीत. ही आत्ता इथे बसली नाही तर पुढच्या सगळ्या दुपारी आपण हिच्या पाठीकडेच बघत काढायच्या?

"बस ना गं विनु," शेषम्मा कुजबुजल्या. "प्लॅस्टिकचं काही वाटतंय कां तुला?"

"माझ्या फळीवर बसायला मला कुणी सांगायला नको," विनुताबाई म्हणाल्या. "रोज सकाळी निम्मी मीच उचलते." आणि उजव्या टोकाला बसल्या.

सांबशिवरावांचे डोळे भरून आले. होमाचा धूर म्हणून त्यांनी पुसले.

दोघांच्या मध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा होती. चारचौघांत बसायचं तसंच ती दोघं बसली होती. बायकांनी गाणं धरलं, शेषम्मांनी झोका दिला. फळी पुढे गेली, मागे आली. पट्टूची साडी, जरीचं धोतर आणि गुळगुळीत प्लॅस्टिक! पहिल्या झोक्याला सांबशिवराव वीतभर सरकले. दुसऱ्याला विनुताबाई सरकल्या. तिसऱ्या झोक्याला दोघांचे खांदे मध्यावर असे धाडकन आपटले की सांबशिवरावांची पगडी तिरकी झाली.

गाणं थबकलं. विनुताबाई लाजून चूर. नारळ सावरत त्या कशाबशा कडेला सरकल्या. झोका आला आणि सूंऽऽ करत पुन्हा मध्यावर. सांबशिवरावांनी साखळी धरून ठेवायचा प्रयत्न केला. हात सुटला, तेही मध्यावर.

"लिंबू!" विनुताबाई एकदम म्हणाल्या आणि हसत सुटल्या. असं हसल्या की भरवलेलं दूध हनुवटीवरून ओघळलं. त्यांना बघून शेषम्मा हसल्या, बंगळूरहून आलेली हरिणी हसली, सरोजामामी हसल्या, खांबामागून शेषगिरी हसले. आजूबाजूच्या कुणालाही लिंबाचा उलगडा झाला नाही, पण हसायला कोणाचं अडलं नाही. एकटे सांबशिवराव हसत नव्हते. ते नुसते श्वास घेत होते, पोटभर, दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

प्रवीणकुमारांच्या फोटोत पगडी तिरकी, नारळ मांडीवर कलंडलेला, आणि दोघं खांद्याला खांदा लावून बसलेली. विभागीय कचेरीतल्या बाईंनी तो भिंतीवर लावला म्हणे.

पाहुणे पांगल्यावर वेंकटेश लोखंडी अँगल आणि स्क्रूचा डबा घेऊन आला. "फुकट मारून देतो सार. सरळ होईल." सांबशिवराव हो म्हणणार होते, एवढं शहाणपण त्यांना आता आलं होतं.

"नको," आतून विनुताबाई म्हणाल्या. "खुर्ची आहे एक, ती तेवढी घेऊन जा. बाकाला होईल." आणि स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी स्वतः दाराशी आणून ठेवली.

दुपारी जेवणं झाली. विनुताबाई झोपाळ्यावर बसल्या, नेमक्या मधल्या खळग्यात, आणि एका पायाने जमिनीला रेटा दिला. सांबशिवराव पेपर घेऊन आले आणि घुटमळत उभे राहिले.

"बसा की," विनुताबाई म्हणाल्या.

"कुठे बसू? मध्ये तू आहेस."

"कडेला बसा. मध्ये काय, आपोआप याल."